थॉर्नबींचे तलाठी

माझ्या गॅरेजमध्ये, हिवाळ्याच्या टायरांशेजारी, लाल फडक्यात बांधलेला एक बस्ता पडून आहे. आत एका अमेरिकन घराण्याचे दीडदोनशे कागद आहेत आणि त्या घराण्याशी माझा काडीचाही संबंध नाही. माझा नवरा मंदार गॅरेज साफ करायला घेतो तेव्हा विचारतो, "हे टाकायचं का?" आणि दर वेळी मी चिडून म्हणते, "राहू दे." चिडते मंदारवर, पण राग असतो ठोंबरेकाकांवर. शेजाऱ्याला किती छळावं याला काही मर्यादा असते. काकांना ती कुणी लेखी दिली नव्हती, म्हणून त्यांनी ती मानली नाही.

काका म्हणजे आमच्या शेजारच्या नितीनचे वडील. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमची दोन्ही घरं एकाच भिंतीला चिकटलेली. काका विदर्भातल्या एका तालुक्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सगळा जन्म सातबारे, फेरफार आणि वारसनोंदी यांत गेला. काकू गेल्यावर नितीनने त्यांना इकडे आणलं. ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे सहा महिन्यांनी परत पाठवायची सोयही नव्हती. हे वाक्य नितीनचं आहे, माझं नाही. माझंही मत तेच होतं, ही गोष्ट वेगळी.

उंच, वाळलेला देह, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, मुलाने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट आणि वरच्या खिशात दोरीला बांधलेलं भिंग. त्या भिंगातून ते औषधाच्या बाटल्या वाचत, पिझ्झाच्या जाहिराती वाचत आणि एकदा माझ्या पोळीवरचा काळा डागही त्यांनी त्यातूनच पाहिला. कुठलीही गोष्ट सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला. "ऐकीव आहे का कागद आहे?" बाहेर बर्फ पडतोय म्हटलं तरी तोच प्रश्न.

मंदारच्या घरी एक कथा आहे, की त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या दफ्तरात मोठे कारकून होते. एका दिवाळीला मंदारने ती काकांना मोठ्या उत्साहाने सांगितली. काकांनी चकलीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "कागद?" मंदार म्हणाला, पुण्यात चुलत्यांकडे असेल. काकांनी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावायला लावला. चुलते पाऊण तास बोलले. फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "कारकून होते ते खरं. पण पेशव्यांचे नाही, इंग्रजांचे. आणि फार मोठे नाही." चुलते पुढे वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत.

दुसरा हट्ट नावाचा. स्वतःचं नाव ते कधीही अर्धं सांगत नसत. डॉक्टरांच्या ऑफिसात मी त्यांचा फॉर्म भरला आणि मधल्या नावाची जागा रिकामी सोडली. त्यांनी काउंटरवरून फॉर्म परत मागवला. "बापाचं नाव नाही तर माणूस कोणता ते कळंल कसं? आमच्या गावात वासुदेव ठोंबरे तीन होते. मी वासुदेव पांडुरंग." मागे आठ लोकांची रांग. मी पांडुरंग लिहिलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचा सगळा घोळ या एका चौकटीतून झाला. आणि खरं सांगायचं तर त्या घोळात मीही होते. मलाही मधलं नाव म्हणजे बापाचं नाव, एवढंच ठाऊक होतं.

नितीनची बायको एमिली पेनसिल्व्हेनियाची. तिचं डोहाळजेवण आम्ही हौसेने केलं. त्याला तिची आजी आली होती, आईची आई, रूथ. त्र्याण्णव वर्षांची, व्हीलचेअरमध्ये, पण पाठ ताठ. तिकडे दोन तासांवरच्या एका वृद्धाश्रमात राहायची. काकांनी तिला मसालेभात वाढला आणि शिष्टाचार म्हणून विचारलं, "मॅडम, युवर नेटिव्ह प्लेस?"

त्या एका प्रश्नाने माझं वर्ष गेलं.

रूथआजींचं माहेर थॉर्नबी. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, की अमेरिका स्वतंत्र होण्याच्या कितीतरी आधी आपला मूळपुरुष जहाजाने इथे आला. अशा पहिल्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांची एक संस्था त्यांच्या गावात होती. वर्षातून एकदा त्यातल्या बायका निळी फीत लावून मिरवणुकीत चालत. रूथआजी वीस वर्षांच्या असताना त्यांच्या आईने हौसेने लेकीच्या नावाने अर्ज केला. अर्ज परत आला. पणजोबा सॅम्युएलपर्यंतचे कागद होते, पण सॅम्युएलचा बाप कोण याचा पुरावा नव्हता. मायलेकी त्या वर्षी फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि मिरवणूक त्यांच्यासमोरून गेली. आई त्यानंतर कधी मिरवणूक बघायला गेली नाही. "मला ती फीत एकदा लावायची आहे," रूथआजी म्हणाल्या. "एकदाच. आईसाठी."

बाकीच्या बायका हळहळल्या. काकांनी भिंग काढलं. "मॅडम, विच लिंक मिसिंग?"

मी तेव्हाच घरी निघून जायला हवं होतं.

नितीनची नोकरी न्यूयॉर्कला, एमिलीला सातवा महिना. मी घरून काम करणारी आणि शुक्रवारी मोकळी. शिवाय माझी गाडी. काकांनी हा सगळा हिशोब माझ्याही आधी केलेला होता. शुक्रवारी सकाळी सहाला बेल वाजायची. माझी मुलगी इरा वरूनच ओरडायची, "आई, ही इज हिअर अगेन!" जुने सरकारी कागद ठेवतात ते अभिलेखागार दहाला उघडणार, तिथे पोहोचायला दीड तास. "लवकर गेलं म्हणजे पहिला नंबर," काका म्हणायचे. पहिला नंबर लागायचा, कारण दुसरं कुणी यायचंच नाही. आम्ही दोघं बंद दारासमोर गाडीत बसून डब्यातले धपाटे खायचो.

"काका, हे सगळं इंटरनेटवर असतं. लोकांनी वंशावळी टाकल्यात," मी पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं.

"त्या लोकाईनं टाकल्या ना? मंग ऐकीव झालं ते."

आत गेल्यावर दुसरा तमाशा. तिथे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. काकांना हा अपमान वाटला. "शाई नाही तं नोंद कसली?" मग त्यांना जुन्या कागदांची वही दाखवली, दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचं अक्षर दाखवलं, तसे ते एकदम नरमले. पेन स्वतःहून काढून दिलं. त्या कारकुनाच्या अक्षराचं इतकं कौतुक करत बसले, की माझं शुक्रवारचं जेवण साडेतीनला झालं. दुसऱ्या खेपेला खिशात भाजलेले शेंगदाणे सापडले आणि तिथल्या बाईंनी आम्हाला दोघांना समज दिली. दोघांना! मी शेंगदाणे पाहिलेही नव्हते.

पण एक मान्य करते. कागद वाचावा तर त्या माणसाने. इंग्रजी बोलताना अडखळणारे काका दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी जमीनखरेदी घडाघडा वाचत. चतुःसीमा आल्या की त्यांचा चेहरा खुले. "पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचं शेत. बघ, सगळीकडे माणूस सारखाच भांडते."

पणजोबांचं पूर्ण नाव घरच्या बायबलात, जन्ममृत्यू लिहायच्या पानावर होतं: सॅम्युएल लुईस थॉर्नबी. काका म्हणाले, सोपं आहे. बाप लुईस. आता लुईस थॉर्नबी शोधायचा. मीही मान डोलावली. आणि सहाव्या शुक्रवारी, शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, लुईस थॉर्नबी सापडला! मोठा जमीनदार, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा, मृत्युपत्रात सॅम्युएल नावाचा मुलगा, वय जुळणारं. त्याच्या मागचे कागद तर थेट जहाजापर्यंत जात होते. काकांनी भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चल."

"कुठे?"

"त्याला भेटून येऊ."

पितृपक्ष चालू होता. पुढच्या शुक्रवारी आम्ही लुईस थॉर्नबीच्या कबरीवर गेलो. काकांनी पिशवीतून स्टीलचा तांब्या, काळे तीळ आणि माझ्याच फ्रीजमधून घेतलेली दह्याची वाटी काढली. पानं उडवायचं मशीन घेतलेला माणूस ते बंद करून आमच्याकडे बघत उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "फॅमिली." तो म्हणाला, "शुअर." मी कब्रस्तानाच्या दारापलीकडे लावलेल्या गाडीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, कुणी ऑफिसचं भेटू नये. काकांनी शांतपणे तीळपाणी सोडलं आणि दगडाला नमस्कार करून म्हणाले, "मॅडमची लिंक सापडली."

अर्ज गेला. सोबत काकांनी स्वतः क्रमांक घातलेले चाळीस कागद. नोव्हेंबरात एमिलीला मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात संस्थेचं मंजुरीचं पत्रही आलं. मे महिन्यात समारंभ. रूथआजींनी वृद्धाश्रमात सगळ्यांना सांगितलं, निळ्या फितीवर शोभेल असा पांढरा ड्रेस मागवला. फोनवर काकांना म्हणाल्या, "मिस्टर ठोंबरे, माझी आई आज खूश असेल." काकांनी फोन ठेवून डोळे पुसले आणि मला म्हणाले, एसीचं वारं लागलं. भर थंडीत.

मलाही बरं वाटलं, हे कबूल करते. आता शुक्रवार माझे.

मग बारसं झालं. पाळणा, कुर्र, सगळं. मुलीचं नाव मीरा ठेवलं. कुणीतरी विचारलं, पूर्ण नाव काय? एमिली म्हणाली, "मीरा कॉलिन्स ठोंबरे." कॉलिन्स हे एमिलीचं माहेरचं आडनाव. एका काकूंनी विचारलं, मधे नितीन नाही का? तर एमिली हसून म्हणाली, "आमच्याकडे पहिल्या बाळाला मधलं नाव आईच्या माहेरचं देतात. आजीच्या घराण्यात, थॉर्नबींमध्ये, फार पूर्वीपासूनची पद्धत आहे."

काकांच्या हातात पेढा होता. तो तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. सबंध खोलीत त्या वाक्याचा अर्थ कळलेली आम्ही दोनच माणसं होतो. लुईस हे बापाचं नाव नव्हतं. ते आईचं माहेर होतं. आम्ही सहा शुक्रवार शोधून रूथआजींना कुणाचा तरी भलताच बाप आणून दिला होता.

काका उठून आत गेले. मी मागे गेले. त्यांनी बस्ता सोडला होता आणि भिंग कागदांवरून फिरत होतं. घराण्यातल्या इतरांच्या मधल्या जागी नुसतं एकेक अक्षर होतं, आणि ते बापाच्या नावाशी जुळलं नाही की काकांनी बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं: कारकुनाची चूक. असं चार ठिकाणी.

"कारकुनाची नव्हती," काका म्हणाले. "माझी होती."

नंतर आठवडाभर सगळ्यांनी त्यांना समजावलं. नितीन म्हणाला, "बाबा, लेट इट बी. संस्थेने अ‍ॅप्रूव्ह केलंय ना?" एमिली म्हणाली, आजीला आता किती दिवस उरलेत, तिला फीत लावू दे. मी म्हटलं, मंजूर त्यांनी केलं, जबाबदारी त्यांची. काका ऐकून घेत आणि म्हणत, "कागद मी लावले. शुक्रवारी मॅडमकडे नेशील का मला?"

नेलं. कशाला नेलं ते देव जाणे. दोन तास मी त्यांना बोल बोल बोलले. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा माझी एवढी चिडचिड झाली होती की एक्झिट चुकलं. "काका, त्या त्र्याण्णव वर्षांच्या आहेत. तुमचा खरेपणा तुमच्यापाशी ठेवा ना! एका फितीने कोणाचं काय बिघडणार आहे? त्या सॅम्युएलचं? तो मरून दीडशे वर्षं होत आली!"

ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "मी एकदा गप्प बसलो होतो, शुभांगी."

"कधी?"

"गाडी चालव."

रूथआजींच्या खोलीत तो पांढरा ड्रेस दाराला टांगलेला होता. काकांनी बसायला नकार दिला. उभं राहून, हात मागे बांधून, साहेबासमोर चूक कबूल करावी तसं ते म्हणाले, "मॅडम, आय मेड मिस्टेक. लुईस इज नॉट युवर मॅन." मग मी समजावून सांगितलं. रूथआजींनी सगळं ऐकलं.

"मग सॅम्युएलचा बाप कोण?"

"नॉट फाउंड, मॅडम."

"म्हणजे तुम्ही यायच्या आधी माझ्याकडे जेवढं होतं, त्याहूनही आता कमी आहे."

"येस, मॅडम."

त्यांनी नर्सची बेल दाबली आणि म्हणाल्या, आपण दमलो आहोत. आमच्याकडे पाहिलं नाही. परतताना काकांनी डबाही उघडला नाही.

वाटलं, संपलं. कसलं संपतंय! जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी सहाला बेल. बाहेर चार इंच बर्फ. दारात काका, खांद्याला पिशवी. "आता आई शोधू."

मी दार लावून घ्यायला हवं होतं. मी बर्फ खरवडायचा ब्रश शोधला.

बाई शोधणं किती अवघड असतं ते त्या हिवाळ्यात कळलं. पुरुषाच्या नावावर जमीन, कर, चर्चमधलं बाक, भांडणं. बाईच्या नावावर काही नाही. लग्न झालं की आडनाव गेलं, आणि आडनाव गेलं की बाई गेली. काका एकेक वही उलटत आणि पुटपुटत, "असशील, कुठं तरी असशील." मी समोर बसून ऑफिसच्या ईमेल बघत असे आणि ते माझ्याकडे न बघता म्हणत, "तू पण बघ. दोन डोळ्यांनी काय होते?"

मार्चमध्ये ती सापडली. एका लहानशा चर्चच्या लग्नांच्या वहीत: हॅना लुईस आणि जॉन थॉर्नबी. आणि मग काउंटीच्या कोर्टातला एक कागद. जॉन मेल्यावर हॅनाने अर्ज केला होता, की माझा मुलगा सॅम्युएल लहान आहे, त्याला पालक नेमून द्या. जॉन विणकर होता आणि देश स्वतंत्र झाल्यावर बऱ्याच वर्षांनी आलेला. हॅनाच्या आईबापांचा कुठेच पत्ता नव्हता. म्हणजे फितीच्या दृष्टीने सगळं शून्य. पण अर्जाच्या खाली, जिथे सही असते तिथे, शाईची एक वाकडी फुली होती आणि फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनाने लिहिलं होतं: हॅना थॉर्नबी, तिची खूण.

काका त्या फुलीकडे भिंगातून इतका वेळ बघत बसले, की अभिलेखागार बंद व्हायची वेळ झाली.

रूथआजी आम्हाला भेटतील असं मला वाटलं नव्हतं. भेटल्या. ड्रेस दारावर नव्हता. काकांनी फुलीची प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, मग फुलीवर बोट ठेवून राहिल्या.

"ही माझी?"

"युवर, मॅडम. हंड्रेड परसेंट. पेपर."

"मी त्या संस्थेला पत्र पाठवलं," त्या म्हणाल्या. "नाव काढून घ्या म्हटलं. तुम्ही सांगून गेल्यावर ती फीत टोचली असती. पण मिस्टर ठोंबरे, मला तुमचा फार राग आला होता. तुम्ही गप्प बसला असतात तर मी सुखाने मेले असते. का नाही बसलात?"

काकांनी इंग्रजी शोधलं. सापडलं नाही. ते माझ्याकडे वळून मराठीत बोलायला लागले आणि मी वाक्यावाक्याला इंग्रजी करत गेले. पुढचं मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

"मी नवीनच मंडळ अधिकारी झालो होतो. एक म्हातारा वारला. दोन पोरं, एक पोरगी. पोरं वारसनोंदीसाठी आली, सोबत बहिणीचा जबाब. मला हिस्सा नको, म्हणून. खाली अंगठा. नियम असा, का बाईले समोर बोलवायचं, विचारायचं. पोरं म्हणे, ती दूर सासरी राहते, बाळंतीण आहे, कायले त्रास देता? मी म्हटलं, खरंच, कायले. केली नोंद मंजूर."

मी ते इंग्रजीत सांगितलं. रूथआजी फुलीवरचं बोट न काढता ऐकत होत्या.

"तीन महिन्यांनी ती आली. कडेवर लेकरू. सुभद्रा नाव होतं. म्हणे, साहेब, मी तं आलीच नाही. माझा अंगठा कुठून आला? आता मी काय सांगू? मी म्हटलं, अपील कर. तिनं इचारलं, अपील म्हणजे काय? मी घड्याळ पाहिलं, म्हटलं बाई, जेवणाची सुट्टी झाली. ती झाडाखाली बसून राहिली. सुट्टीनंतर मी मागच्या दारानं आत गेलो. पाच वाजता पाहिलं तं नव्हती. मंग कधीच आली नाही."

इथे माझं इंग्रजी थांबलं. काका म्हणाले, "सांग ना. पूर्ण सांग." तेव्हाही हुकूमच. मी पूर्ण सांगितलं, मागच्या दारासकट.

रूथआजींनी फुलीवरचं बोट उचललं. मग विचारलं, "ती जिवंत आहे?"

"डोन्ट नो, मॅडम. पासष्ट-सत्तर असेल."

"मग तुम्ही न्यू जर्सीत काय करताय?"

त्यांचा सूर अगदी माझा होता. वर्षभर मी ज्या सुरात काकांशी बोलत होते तोच. काकांनी भिंग खिशात ठेवलं, बटण लावलं आणि म्हणाले, "करेक्ट, मॅडम."

पुढच्या शुक्रवारी ते बेल न वाजवता थेट आत आले आणि मला टाइप करायला बसवलं. मी, वासुदेव पांडुरंग ठोंबरे, सज्ञान, असं लिहून देतो की सदर नोंद मंजूर करतेवेळी बाई माझ्यासमोर आली नव्हती, मी तिला बोलावलं नव्हतं, आणि ती आली तेव्हा मी मागच्या दाराने गेलो. मी म्हटलं, "काका, मागचं दार कशाला? आणि इतक्या वर्षांनी हा कागद कोण बघणार आहे? न्यू जर्सीच्या नोटरीचा शिक्का घेऊन तुम्ही तालुक्याच्या कचेरीत जाणार? हसतील."

"हसू दे. बघतील न बघतील. नोंद राहील."

नोटरी मुलगी विशीतली. तिने मधलं नाव विचारलं. काकांनी बापाचं नाव सांगितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आईचं पण लिही. वेणूबाई." फॉर्मवर त्याला जागा नव्हती. त्यांनी मुलीचं पेन घेतलं आणि समासात स्वतः लिहिलं. मागे रांग होतीच.

काका गावी परत निघाले म्हटल्यावर नितीनने खूप समजावलं. नात पाच महिन्यांची, तुमची गुडघेदुखी, तिकडे एकटे कसे राहाल. काकांनी बस्ता माझ्या हवाली केला. "थॉर्नबींचं दफ्तर तुझ्याकडे. मीरा मोठी झाली का दे. आणि वाळवी बघत जा." एडिसनमध्ये गॅरेजला वाळवी बघत जा! मी रागाने तो टायरांशेजारी ठेवला, तो अजून तिथेच आहे. दर पावसाळ्यात, म्हणजे इथे पाऊस होतो तेव्हा, मी फडकं सोडून बघते. वाळवी नसते.

एअरपोर्टवर नितीन गाडी लावायला गेला आणि काकांना आत सोडायचं माझ्यावर आलं. त्यांच्यासाठी व्हीलचेअर बुक केलेली. ती ढकलणारा माणूस आला, नाव विचारलं, बसा म्हणाला. काका बसले नाहीत. मी म्हटलं, "काका, गेट लांब आहे. गुडघा. प्लीज." त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक फाइल काढली. आत एकच कागद, तो नोटरीचा शिक्का मारलेला. ती त्यांनी व्हीलचेअरच्या सीटवर ठेवली, नीट मधोमध, आणि सीटचा पट्टा तिच्यावरून लावला. ढकलणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फॅमिली."

"रूथबाईला फोन कर. निघालो म्हणावं," काका म्हणाले आणि चालायला लागले. पुढे खुर्चीत फाइल, मागे तो माणूस, बाजूला लंगडत काका. मी तपासणीच्या दोरीपाशी उभी राहून हात हलवत होते. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष खुर्चीकडे होतं, फाइल सरकत तर नाही ना, म्हणून.